रांग आणि बस

मराठीत प्रवासवर्णने भरपूर लिहिली जातात; त्यांची समीक्षा मात्र फार थोडी होते. जी होते ती भाषेच्या प्रसन्नतेची, निसर्गचित्रांची आणि लेखकाच्या मिश्किल स्वभावाची. प्रवासी कोण आहे, तो कोणाच्या श्रमावर फिरतो आहे आणि त्याला जे दिसते ते कोणत्या जागेवरून दिसते, हे प्रश्न आपली प्रस्थापित समीक्षा विचारत नाही. शहर शांत असते तोवर ते न विचारताही भागते. पण प्रवासी परक्या शहरात उतरला आणि ते शहर रस्त्यावर आलेले असेल, तर हा प्रश्न टाळून लिहिलेले एक पानही खरे राहत नाही. अशा वेळच्या लेखनात एक शब्द हमखास सापडतो. तो शब्द म्हणजे 'गैरसोय'. माणसे का चिडली, काय मागत होती, याला अर्धे वाक्य. आणि आपले विमान किती तास उशिरा सुटले याला दीड पान.

प्रस्तुत लेख अशाच एका प्रवासवर्णनाची समीक्षा आहे. ते प्रवासवर्णन माझे स्वतःचे आहे.

जून २०२२ मध्ये आम्ही चाळीसएक जण श्रीलंकेच्या धम्मसहलीला गेलो होतो. बहुतेक निवृत्त कर्मचारी, काही शिक्षक, दोघे बँकेतले, आणि मी. आमच्या घरात पारपत्र काढणारा मी पहिला. १४ जूनची पौर्णिमा अनुराधपुरात साजरी करायची, असा बेत होता. अशोकपुत्र महिंद याच पौर्णिमेला लंकेत पोचले, असे तिथले लोक मानतात. परत आल्यावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. बोधिवृक्ष, मिहिंतलेच्या पायऱ्या, कँडीचे दंतधातू मंदिर, पांढऱ्या वस्त्रांतले उपासक, सारे त्यात होते. लेखाचे कौतुक झाले. त्या लेखात कोलंबो शहराला मी चार ओळी दिल्या होत्या. त्यांचा आशय असा, की आंदोलनामुळे गॉल फेसचा समुद्रकिनारा नीट पाहता आला नाही. पण लोक मात्र हसतमुख होते.

यंदा वर्गात बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' शिकवत होतो. ते शिकवून घरी आलो आणि माझा जुना लेख काढून वाचला. त्या चार ओळी मला पुढे वाचवेनात.

त्या जूनमध्ये कोलंबोत काय चालले होते, ते आधी सांगितले पाहिजे, कारण माझ्या लेखात ते नव्हते. २०१९च्या अखेरीस सरकारने करांत मोठी कपात केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि मोठी हॉटेले यांत बाँबस्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली होती आणि पर्यटन खचले होते. मग कोविड आला. २०१८ साली त्या देशात २३ लाख पर्यटक आले होते. तो ओघ आटला. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली गेली आणि भाताचे पीक घसरले. परकीय चलन संपले. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. औषधे, गॅस, रॉकेल, पेट्रोल, दूधभुकटी यांसाठी रांगा लागल्या. त्या रांगांत उभी राहून माणसे मेली.

९ एप्रिल २०२२ पासून लोक गॉल फेसच्या मैदानावर, राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयासमोर, तंबू ठोकून बसले. त्या वस्तीला त्यांनी नाव दिले 'गोटा-गो-गम'. राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्ष यांना 'चालता हो' म्हणणारे गाव. सिंहलीतला 'गम' म्हणजे पालीतला 'गाम', म्हणजे आपले गावच. त्या गावात सार्वजनिक स्वयंपाकघर होते, वाचनालय होते. ९ मे रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानी जमलेल्या सरकारसमर्थकांनी तेथून निघून या वस्तीवर हल्ला केला. त्याच दिवशी पंतप्रधान महिंद राजपक्ष यांना राजीनामा द्यावा लागला. आम्ही पोचलो ते यानंतर महिन्याने. आंदोलन तेव्हा चालूच होते.

आता माझ्या लेखात नसलेली दुसरी गोष्ट. आमची बस वातानुकूलित होती. तिला डिझेल मिळत होते, कारण आम्ही डॉलर घेऊन आलेले पाहुणे होतो आणि आमच्यासाठी वेगळी सोय होती. हॉटेलात वीज गेली तर जनित्र सुरू होई. रस्त्याच्या कडेला रिक्षांच्या, मोटारींच्या, स्कूटरींच्या रांगा एकेक मैल लांब होत्या. एका ठिकाणी रॉकेलचे डबे दोरीने एकमेकांना बांधून रांगेत ठेवले होते. माणसे सावलीत बसली होती आणि डबे त्यांच्या वतीने उभे होते. आमचा चालक म्हणाला, त्याचा भाऊ तीन दिवस रिक्षातच झोपतो आहे. बस रांगेच्या बाजूने निघून गेली.

ते डबे मी ओळखले होते. रेशनच्या दुकानापुढे रॉकेलसाठी असाच डबा ठेवून मी लहानपणी शाळेच्या वेळेपर्यंत बसलेलो आहे. माझी आजी सार्वजनिक विहिरीपासून लांब उभी राहून कोणी पाणी वाढील म्हणून वाट पाहत असे. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या रांगेचेच. रांगेच्या बाजूने निघून जाणाऱ्या बसमध्ये बसलेला आमच्या घरातला पहिला माणूस मी. हे मला त्या क्षणी जाणवले होते. पण लिहिताना मी ते लिहिले नाही. का लिहिले नाही? कारण मराठी प्रवासवर्णनाचा जो साचा मी पदवीच्या अभ्यासक्रमात शिकलो आणि पुढे स्वतः शिकवू लागलो, त्यात या अनुभवाला खणच नव्हता. साचा त्यांचा, आणि त्यात ओतलेला माणूस मात्र मी. आपल्या अनुभवाची भाषा आपण घडवली पाहिजे, हे दलित साहित्याने कवितेत आणि आत्मकथनात सिद्ध केले. प्रवासवर्णनात आपण अजून उसन्या डोळ्यांनी पाहतो.

गॉल फेसजवळ बस हळू झाली तेव्हा आमच्यातले एक जण खिडकीतून पाहत म्हणाले, "काय घाण करून ठेवलीय मैदानाची! यांना काही कामधंदा नाही का?" दुसरे म्हणाले, "भारतानं पैसा दिला म्हणून जगताहेत, नाहीतर काय." त्यावर कोणी बोलले नाही. मीही नाही.

हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात, शिवाजी पार्कात रात्र काढतात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात. तेव्हा खिडकीतून पाहणारी मुंबई नेमके हेच म्हणत आलेली आहे: घाण, गर्दी, वाहतुकीचा खोळंबा, कामधंदा नाही का. त्या वाक्याने आपण पिढ्यान्‌पिढ्या जखमी झालो. आणि कोलंबोत बसच्या काचेआड बसल्यावर तेच वाक्य आपल्याच तोंडून सहज निघाले. ज्यांनी ते काढले ते वाईट गृहस्थ नव्हेत. जयंतीला वर्गणी देणारे, मुलांना शिकवणारे सज्जन आहेत. म्हणजे हे वाक्य जातीने येते तसे जागेनेही येते. खिडकीला ते चिकटलेलेच असते. जो बसेल त्याच्या तोंडी ते येते. म्हणून पाहणाऱ्याची जागा तपासणे हे समीक्षेचे पहिले काम आहे, असे मी म्हणतो.

या कसोटीवर आपल्या परंपरेतले तीन प्रवास पाहावेत.

पहिला, विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि बंडात सापडला. झाशीला वेढा पडला, शहर पडले, कत्तल झाली, तेव्हा तो आत होता. १८८३च्या सुमारास लिहिलेले हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. गोडसे भटजींची दृष्टी त्यांच्या वर्णाची आहे. राजाश्रय आणि दक्षिणा हे तिचे मोजमाप आहे. हे आपण स्पष्ट म्हटलेच पाहिजे. पण दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगितल्या पाहिजेत. आपण कशासाठी निघालो हे ते लपवत नाहीत. पैशासाठी निघालो, असे मोकळेपणी सांगतात. आणि शहरावर आलेले संकट त्यांच्यावरही येते. त्यांच्या खिशात परतीचे तिकीट नाही. माझ्या खिशात ते होते, आणि मी ते लपवले. या बाबतीत त्या भिक्षुकाचे पुस्तक माझ्या लेखापेक्षा प्रामाणिक आहे.

दुसरा प्रवास बाबासाहेबांचा. १९३४ साली सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला जाताना ते दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. ही सहलच होती. प्रवासाची धूळ धुवायला काहींनी दाराजवळच्या हौदातले पाणी घेतले आणि हौद बाटवला म्हणून जमाव धावून आला. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला गेला. जगातल्या पर्यटनाच्या वाङ्मयात असा प्रसंग क्वचित असेल. शिपाई पर्यटकाच्या रक्षणासाठी नसून पर्यटकापासून पाण्याच्या रक्षणासाठी आहे! त्या लेखनाच्या शीर्षकातच सारे आले: आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस. इथे पाहणारा आपली जागा क्षणभरही विसरू शकत नाही. पाणी त्याला ती विसरू देत नाही. मी कोलंबोत ती विसरू शकलो, कारण माझ्या हातात थंड पाण्याची बाटली होती.

तिसरा, अण्णा भाऊ साठे यांचा 'माझा रशियाचा प्रवास'. वाटेगावहून मुंबईला पायी आलेला माणूस १९६१ साली मॉस्कोला गेला. कामगार कसा राहतो, कसा दिसतो, हे पाहण्याची भूक घेऊन तो गेला, आणि म्हणूनच त्याचे प्रवासवर्णन आपले आहे. तरीही समीक्षकाने भक्त होऊ नये. अण्णा भाऊ तिथे सन्मानाने बोलावलेले पाहुणे होते, आणि पाहुण्याला यजमान दाखवतो ते दिसते. पुढच्याच वर्षी, जून १९६२ मध्ये, नोवोचेर्कास्क शहरात भाववाढीविरुद्ध उठलेल्या कामगारांवर सोव्हिएत सरकारने गोळ्या झाडल्या आणि ती बातमी वर्षानुवर्षे दाबून ठेवली. अण्णा भाऊंचा यात दोष नाही. पण ज्या देशावर आपले प्रेम आहे त्या देशात आपले डोळे जास्त उघडे हवेत, हा धडा आपण घ्यायचा आहे.

आणि हा धडा मला सर्वांत जास्त लागू आहे, कारण माझे प्रेम बौद्ध देशावर होते. त्या प्रेमाने मला काय दिसू दिले नाही?

अनुराधपुरात आम्ही रुवनवेलिसाय स्तूपाला वंदन केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच स्तूपाच्या आवारात गोटाबाय राजपक्ष यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. हा स्तूप ज्या दुट्ठगामणी राजाचा, तो तमिळ राजा एळारला हरवणारा म्हणून सिंहली राष्ट्रवादाचा नायक आहे. म्हणजे शपथेची जागा सहज निवडलेली नव्हती. तथागताच्या नावाने बहुसंख्याकांचे राज्य उभे करण्याची ती खूण होती.

कँडीत आम्ही दंतधातूपुढे बसून त्रिसरण म्हटले. डोळे भरून आले. पण ते मंदिर ज्या मल्वत्त आणि अस्गिरिय विहारांच्या अखत्यारीत आहे ते सयाम निकायाचे. आणि १७५३ साली सयामहून आलेल्या उपसंपदेतून उभ्या राहिलेल्या या निकायात पुढे केवळ गोविगम, म्हणजे तिथल्या वरच्या शेतकरी जातीलाच, प्रवेश राहिला. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीच्या श्रामणेरांना १८००च्या सुमारास उपसंपदेसाठी ब्रह्मदेशात अमरपुराला जावे लागले, आणि त्यातून वेगळा अमरपुर निकाय झाला. जातीमुळे दीक्षा नाकारली म्हणून समुद्र ओलांडणारी ती माणसे आपले पूर्वसूरी आहेत. आम्ही त्यांची चौकशीही केली नाही. १९५० साली बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले ते हा धम्म तिथे कितपत जिवंत आहे हे पाहायला. आणि कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांशी संवाद साधला. धम्मयात्रा कशी करावी याचा तो वस्तुपाठ होता. आम्ही गेलो, आम्ही वंदन केले, आम्ही छायाचित्रे काढली.

कँडीहून नुवर एलियाच्या वाटेवर चहाच्या मळ्यात बस थांबली. पाने खुडणाऱ्या बायांबरोबर आमच्यातल्या बायांनी छायाचित्रे काढून घेतली. त्या बाया कोण? इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशज. त्यांतले बहुसंख्य आपल्यासारखेच अस्पृश्य जातींतले. स्वतंत्र सिलोनने १९४८च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या सुमारे सात लाखांना देशहीन केले. १९६४ साली सिरिमा-शास्त्री करारात दोन सरकारांनी त्यांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे, उरलेल्यांचे पुढे पाहू. गुरेही कोणी अशी वाटत नाही. देशहीनतेचा हा प्रश्न २००३च्या कायद्यापर्यंत रेंगाळला. बाबासाहेबांचे ते शीर्षक या मळ्यांवर अक्षरशः खरे ठरले होते, आणि मी मात्र तिथे हिरवळीचे वर्णन लिहीत होतो.

याचा अर्थ गॉल फेसच्या आंदोलनाचे नुसते गोडवे गावेत असा नाही. त्याच मैदानावर १९५६ साली 'केवळ सिंहली' कायद्याविरुद्ध तमिळ नेते सत्याग्रहाला बसले होते आणि जमावाने त्यांना मारहाण केली होती. त्या वेळी शहर त्यांच्या बाजूने उभे राहिले नाही. २००९ साली युद्धाच्या शेवटी मुळ्ळिवाय्क्काल येथे तमिळ नागरिक मारले गेले, तेव्हा राजपक्ष बंधू कोलंबोला नायक वाटत होते. म्हणूनच २०२२ मध्ये उत्तरेतले तमिळ या आंदोलनापासून बरेचसे अलिप्त राहिले. 'आमच्या घरचा गॅस संपला नव्हता तोवर तुम्हांला हे राज्य दिसले नाही का?' हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण १८ मे २०२२ रोजी त्याच गॉल फेसवर मुळ्ळिवाय्क्कालच्या मृतांचे स्मरण केले गेले, हेही खरे. ते पुरेसे नव्हते; पण ते याआधी तिथे घडत नव्हते. भिक्खूही आंदोलनात होते. समीक्षकाने दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत.

आम्ही परतल्यावर, जूनच्या अखेरीस, सरकारने अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना इंधन देणेच थांबवले. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. दूरदर्शनवर आपण सर्वांनी ते पाहिले: तलावात पोहणारी पोरे, गाद्यांवर बसून पाहणारी कुटुंबे. पुढचे काही दिवस लोक रांग लावून तो वाडा पाहत होते. वाड्यात सापडलेली सुमारे १ कोटी ७८ लाखांची रोकड आंदोलकांनी पोलिसांच्या हवाली केली. रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी आपल्याच राज्यकर्त्याच्या घरापुढे रांग लावली आणि आपल्याच शहरात ती पर्यटक झाली. गोटाबाय देश सोडून पळाले. २० जुलैला संसदेने रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष निवडले आणि २२ जुलैच्या पहाटे सैन्याने सचिवालय आणि त्याभोवतालच्या तंबूंवर धाड घातली. आंदोलनाची छायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या एका परदेशी स्त्रीचा व्हिसा ऑगस्टमध्ये रद्द झाला. पाहुण्याने काय पाहायचे हे यजमान ठरवतो, ते असे.

कोणी म्हणेल, पर्यटकाने करायचे तरी काय? परक्या देशात जाऊन मोर्च्यात शिरायचे? नाही. तो त्याचा अधिकार नाही आणि त्या लोकांना त्याची गरजही नाही. पण 'आम्ही तर तटस्थ' हे म्हणणेही खोटे आहे. अशांत शहरात पर्यटक तटस्थ नसतो. मैदान रिकामे करताना जे युक्तिवाद होतात त्यांत 'पर्यटक येईनासे होतील, डॉलर येणार नाहीत' हा नेहमी पुढे असतो. म्हणजे तंबू उखडायला आपले नाव वापरले जाते. बसमधले डिझेल रांगेतल्या माणसाच्या वाट्याचे असते. हे थांबवणे आपल्या हाती नसेल. ते लिहिणे आपल्या हाती आहे.

आज आपल्यातली अनेक कुटुंबे श्रीलंकेला, थायलंडला, नेपाळला, म्यानमारला जाऊ लागली आहेत. पहिल्या पिढीचे पारपत्र ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांना गावच्या विहिरीवर जाता आले नाही त्यांची मुले समुद्र ओलांडत आहेत. ही मुले लिहिणार आहेत. त्यांनी माझ्यासारखे लिहू नये एवढ्यासाठी हा लेख. विहाराचे वर्णन लिहाल तेव्हा विहारात कोणाला दीक्षा मिळत नव्हती तेही विचारा. मळ्याचे वर्णन लिहाल तेव्हा मजुरीचा दर विचारा. आणि रस्त्यावर रांग दिसली, तर आपण बसमध्ये होतो हे आधी लिहा. मग रांगेविषयी लिहा.

त्या दिवाळी अंकातल्या चार ओळी मला परत घेता येत नाहीत. त्यांच्या जागी आता हे लिहिले आहे. आमच्या चालकाचा भाऊ तीन दिवस रिक्षात झोपला होता. त्याला पेट्रोल मिळाले की नाही, हे मी पुढचे पाच दिवस त्याच बसमध्ये बसूनही चालकाला विचारले नाही.